बारा गावचं पाणी प्यालेली फाइल

ऑटोकॅड ‘स्लो’ झाल्याची तक्रार ड्राफ्टिंगच्या कुठल्याही ऑफिसात अधूनमधून उठतेच, आणि तिच्यावरचा उपायही ठरलेला असतो: रॅम वाढवा. रॅम वाढते. दोन दिवस बरं वाटतं. मग पुन्हा माउस हलवला की क्रॉसहेअर मागून रांगत येतो, झूम केलं की चित्र टप्प्याटप्प्याने उमटतं आणि सेव्ह म्हटलं की अख्खी खिडकी करडी पडून वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, अशातला हा प्रकार. मशिनीत बहुधा काहीच बिघडलेलं नसतं. बिघाड ड्रॉइंगमध्ये असतो, आणि तोही आपण काढलेल्या रेषांमध्ये क्वचितच. बाहेरून आलेल्या ज्या फायली आपण ड्रॉइंगखाली अंथरतो, त्यांच्यात तो असतो.

पुण्यामुंबईतल्या एखाद्या मध्यम गृहप्रकल्पाचं ड्रॉइंग उघडून पाहा. वर दिसतो तो आर्किटेक्टचा फ्लोअर प्लॅन. त्याच्याखाली आरसीसी कन्सल्टंटची कॉलम-सेंटरलाइनची फाइल, प्लंबिंगच्या लाइनी, इलेक्ट्रिकल लेआउट, सर्व्हेअरने टोटल स्टेशनवर केलेली कंटूरची मोजणी, भूमी अभिलेखच्या मोजणी नकाशाचं स्कॅन, विकास आराखड्याच्या शीटचा पीडीएफ तुकडा आणि लँडस्केपवाल्याने पाठवलेली झाडं. सात-आठ ऑफिसं, तितक्याच पद्धती. कुणी मीटरमध्ये काढतं, कुणी मिलिमीटरमध्ये, कुणी अजून फूट-इंचात. प्रत्येकाची फाइल त्याच्या स्वतःच्या मशिनीवर सुरळीत चालते, म्हणून तो खुशाल पाठवून देतो. त्या सगळ्या पहिल्यांदा एकत्र येतात त्या शेवटच्या माणसाच्या टेबलावर. हे पुस्तक त्या माणसासाठी लिहिलं आहे.

एक ड्रॉइंग दुसऱ्याखाली ठेवून काम करणं ही काही संगणकाने आणलेली सोय नाही. ड्रॉइंग बोर्डावर ट्रेसिंगखाली ट्रेसिंग घालून तळमजल्याच्या कॉलमवर पहिल्या मजल्याचे कॉलम बसवणं हे रोजचंच होतं. फक्त कागदाला स्वतःची मर्यादा होती. तीन-चार थर झाले की खालचं दिसेनासं व्हायचं, आणि माणूस आपोआप नको ते कागद काढून ठेवायचा. संगणकावर ड्रॉइंग आलं ते १९६३ साली, एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी केलेल्या ‘स्केचपॅड’मधून, आणि या विषयाचं बीज तिथेच आहे. मूळ आकृती एकदाच काढायची, तिचे अवतार हवे तितक्या ठिकाणी मांडायचे, मूळ बदललं की अवतार आपोआप बदलतात, ही कल्पना त्यातच होती. ऑटोकॅड १९८२च्या डिसेंबरात बाजारात आलं. पुढे बरीच वर्षं ब्लॉकच्या रूपाने ही सोय एका फाइलच्या आतच चालायची. १९९० सालच्या अकराव्या रिलीजमध्ये एक्स्टर्नल रेफरन्स, म्हणजे ऑफिसात ज्याला सगळे ‘एक्सरेफ’ म्हणतात तो, आला आणि मूळ आकृती फाइलच्या बाहेर राहू लागली. मायक्रोस्टेशनच्या मंडळींना रेफरन्स फायलींची सवय त्याही आधीपासून होती. सोय फार मोठी झाली, पण थर किती चढवायचे याला कागदाने घातलेला आळा गेला. पंधरा फायली एकाखाली एक असल्या तरी स्क्रीनवर सगळं स्वच्छ दिसतं, आणि दिसत नाही ते तर मुळीच जाणवत नाही.

वेग मारतं ते हेच न दिसणारं. ऑटोकॅडमध्ये लेयर ‘ऑफ’ केला की त्यावरच्या वस्तू नजरेआड होतात, पण रीजेन करताना, म्हणजे सगळं चित्र नव्याने मांडताना, सॉफ्टवेअर त्यांचा हिशेब करतच राहतं. ‘फ्रीझ’ केला तरच तो हिशेब थांबतो. वर्षानुवर्षं काम करणारे लोकही दिव्याचं बटण दाबून निश्चिंत होतात आणि शेजारच्या बर्फाच्या चिन्हाकडे बघत नाहीत. पाच हजार रेषांचं एखादं हौशी झाड घ्या. ब्लॉक म्हणून ते फाइलमध्ये एकदाच साठवलं जातं, त्यामुळे फाइलचा आकार फारसा वाढत नाही आणि संशयही येत नाही. पण लँडस्केपच्या आराखड्यात ते दोनशे ठिकाणी लावलं, की प्रत्येक रीजेनला दहा लाख रेषांची आकडेमोड होते. नळ, बेसिन, कमोड बनवणाऱ्या कंपन्या आपली ड्रॉइंगं मोफत देतात, आणि ती बहुतेक वेळा कारखान्याच्या गरजेपुरती तपशीलवार असतात. बेसिनच्या गाळणीची भोकं १:१००च्या प्लॅनवर कुणाला हवी असतात?

आता फाइल जोडण्याऐवजी चिकटवली तर काय होतं ते पाहू. एका ड्रॉइंगमधून कॉपी, दुसऱ्यात पेस्ट, इतकं सोपं काम. पण रेषेबरोबर तिचा लेयर येतो, लाइनटाइप येतो, टेक्स्ट आणि डायमेन्शनच्या स्टाइली येतात, आणि त्या ड्रॉइंगवर कधीकाळी ज्या ज्या पूरक सॉफ्टवेअरने हात फिरवला असेल, त्याच्या नोंदीही येतात. या नोंदींना ‘रेगॅप’ म्हणतात. त्या दिसत नाहीत, छापल्या जात नाहीत, आणि साध्या पर्जच्या खिडकीत त्यांचं नावही नसतं. पर्ज कमांडच्या आधी आडवी रेघ देऊन ती कमांडलाइनवर चालवली, तरच त्या निघतात. एका फाइलमधून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशा त्या संसर्गासारख्या पसरतात आणि एखाद्या जुन्या ऑफिसच्या टेम्प्लेटमध्येच हजारोंनी सापडतात. मग तिथून निघणारं प्रत्येक नवं ड्रॉइंग जन्मतःच जड.

याहून त्रासदायक प्रकार डीजीएनच्या, म्हणजे मायक्रोस्टेशनच्या फायलींच्या, लाइनटाइपांचा. अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या रस्ते खात्यांचं काम मायक्रोस्टेशनमध्ये चालतं, आणि तिकडच्या कामाचं ड्राफ्टिंग आपल्याकडे पुण्यात, मुंबईत, नाशकात होतं. त्यामुळे डीजीएन फायली इथल्या ऑफिसांना परक्या नाहीत. त्या आयात करताना त्यांच्या रेषांच्या शैलींची माहिती डीडब्ल्यूजीच्या पोटात जाऊन बसायची, आणि मूळ रेषा पुसली तरी ती तिथून हलायची नाही. दर कॉपी-पेस्टला तिच्यात भर. चार खोल्यांच्या प्लॅनचं ड्रॉइंग कित्येक एमबींचं का झालं, ते कुणालाच कळायचं नाही. ऑटोडेस्कला यासाठी वेगळी दुरुस्ती द्यावी लागली आणि नंतर पर्जमध्येच अनाथ माहिती काढण्याची सोय आली. आज नव्या आवृत्तीवर काम करणाऱ्याला हा प्रश्न इतिहासजमा वाटेल. मात्र दहा-बारा वर्षांपूर्वीच्या फायली अजून ऑफिसांच्या सर्व्हरवर पडून आहेत आणि ‘मागच्या प्रोजेक्टमधलं टॉयलेट डिटेल उचल’ हे वाक्यही अजून रोज बोललं जातं.

फाइल किती हिंडून आली आहे, ते तिच्या लेयरच्या नावांवरून वाचता येतं. एक्सरेफ ‘बाइंड’ करून मुख्य ड्रॉइंगमध्ये कायमचा मिसळला की लेयरच्या नावाआधी मूळ फाइलचं नाव लागतं आणि मध्ये डॉलर-शून्य-डॉलर अशी खूण पडते. ‘वॉल’ नावाचा लेयर ‘ग्राउंड$०$वॉल’ होतो. ती फाइल पुढे कुणीतरी जोडली आणि त्यानेही बाइंड केलं, की ‘साइट$०$ग्राउंड$०$वॉल’. तीन-तीन डॉलरच्या जोड्या असलेले लेयर मी पाहिले आहेत. ती फाइल बहुधा तीन ऑफिसांतून गेलेली असते आणि प्रत्येकाने आपापलं सामान तिच्यात ठेवलेलं असतं. लेयरच्या यादीत अशी नावं दिसली, की पुढचं काही तपासण्याआधी साफसफाईला बसावं. तसंच ‘ए$सी’ने सुरू होणारे, पुढे निरर्थक अक्षरं असलेले ब्लॉक दिसले, तर कुणीतरी ‘पेस्ट अ‍ॅज ब्लॉक’ वापरून घाई केली आहे हे नक्की.

म्हणून या पुस्तकाचं म्हणणं एकच आहे, आणि बाकीची प्रकरणं त्याचाच विस्तार आहेत: बाहेरून आलेली फाइल आली तशी कधीच वापरायची नाही. मूळ फाइल तारखेसह एका फोल्डरात जशीच्या तशी ठेवायची. तिची नक्कल काढून ती साफ करायची. आणि ती नक्कल आपल्या ड्रॉइंगला जोडायची, चिकटवायची नाही. मूळ फाइल जपायचं कारण केवळ शिस्त नव्हे. ओव्हरकिल कमांड एकावर एक पडलेल्या रेषा काढून टाकते. पण आरसीसीवाल्याने दोन रेषा मुद्दाम एकावर एक ठेवल्या असतील, तर ते त्या कमांडला कळत नाही. मोजणीच्या फाइलमध्ये असा एखादा बिंदू उडाला आणि हद्दीचा वाद निघाला, तर ‘साफ करताना गेला’ हे उत्तर कुणी ऐकून घेत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की कन्सल्टंट दर आठवड्याला सुधारित फाइल पाठवतो, दर वेळी कोण साफ करत बसणार? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हे काम हाताने करू नये. ऑडिट, पर्ज, रेगॅपचा पर्ज, जादा स्केलांची यादी मूळपदावर आणणं, सेव्ह, अशा पाच-सात ओळींची स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये लिहून ठेवली, की चहा येईपर्यंत दहा फायली निघतात. ओव्हरकिल मात्र त्या स्क्रिप्टमध्ये घालू नये. ते डोळ्यांसमोरच करावं. आणि फाइल एकदाच उघडून एखादं माप बघायचं असेल, तर काहीच साफ करू नये. साफसफाईचंही वेड लागतं.

यापुढचा विषय थोडा गणिती आहे, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. सर्व्हेअरची फाइल जोडली, आणि क्रॉसहेअर थरथरू लागला, वर्तुळं कोनदार दिसू लागली, हॅच भरेना, स्नॅप शेजारच्या बिंदूवर जाऊ लागला. ही लक्षणं एकत्र दिसली की निदान जवळपास नक्की असतं: ड्रॉइंग मूळबिंदूपासून फार दूर आहे. सर्व्हेअर काही चुकलेला नसतो. तो यूटीएम पद्धतीचे खरे निर्देशांक देतो. या पद्धतीत उत्तरेकडचं अंतर विषुववृत्तापासून मोजतात. पुणे तिथून साडेवीस लाख मीटरच्या आसपास आहे. ऑटोकॅड आपल्या फाइलमध्ये हे आकडे पंधरा-सोळा अंकी अचूकतेने साठवतं, तिथे काहीच अडचण नाही. पण ग्राफिक्स कार्ड चित्र काढताना बऱ्याचदा एकेरी अचूकतेची आकडेमोड करतं, आणि तिच्यात जेमतेम सात अंक विश्वासाचे असतात. साडेवीस लाखांच्या आकड्यात अशा दोन शेजारच्या किमतींमधलं अंतर पडतं साडेबारा सेंटिमीटर. मुंबई आणखी उत्तरेला. तिथे बहुतेक ठिकाणी उत्तरेचा आकडा २०,९७,१५२च्या, म्हणजे दोनच्या एकविसाव्या घाताच्या, पुढे जातो आणि हीच पायरी पंचवीस सेंटिमीटरची होते. नऊ इंची भिंतीपेक्षाही मोठी. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये काढल्याने यातून सुटका होत नाही. आकडा हजारपट वाढतो, पायरीही साधारण त्याच प्रमाणात वाढते.

पहिला मोह होतो तो यूसीएस बदलण्याचा. त्याने आकडे लहान दिसू लागतात, पण वस्तू आतून जिथल्या तिथेच राहतात. खरा उपाय म्हणजे प्रकल्पासाठी एक सरकवणूक ठरवायची. समजा साइटच्या नैऋत्य कोपऱ्याजवळचा एखादा पूर्ण हजाराचा बिंदू घेतला. सगळ्या फायली त्या बिंदूने सरकवून मूळबिंदूजवळ आणायच्या आणि ती सरकवणूक प्रत्येक शीटच्या टायटल ब्लॉकमध्ये छापायची. छापण्याचा कंटाळा करू नये. सहा महिन्यांनी साइटवर मार्किंगला आलेला सर्व्हेअर तो आकडा मागतो, आणि तेव्हा तो ज्याला ठाऊक होता तो माणूस नोकरी बदलून गेलेला असतो. रेव्हिटवाल्यांना मूळबिंदूपासून दूर राहण्याचं स्वातंत्र्यही नाही. तिथे सगळी रचना आतल्या मूळबिंदूपासून सुमारे १६ किलोमीटरच्या परिघात असावी लागते. म्हणून तिथला प्रकल्प-बिंदू आणि सर्व्हे-बिंदू यांचा घोळ पहिल्याच दिवशी निस्तरलेला बरा.

विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. ७८ अंश पूर्व रेखांशावर यूटीएमचा पट्टा बदलतो. त्याच्या पश्चिमेचा महाराष्ट्र ४३व्या पट्ट्यात, तर नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली ४४व्यात. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि वाटेत ही रेषा ओलांडतो. तिथली पूर्व-पश्चिम लांब जाणारी पाइपलाइन किंवा विजेची लाइनही ती ओलांडू शकते. रेषेच्या एका बाजूला पूर्वेचा आकडा आठ लाख मीटरच्या पुढे असतो, दुसऱ्या बाजूला दोन लाखांच्या आत. दोन्हीकडच्या सर्व्हे फायली रूपांतर न करता एकाच ड्रॉइंगला जोडल्या आणि झूम एक्स्टेंट्स दिलं, तर काळ्या स्क्रीनवर सहाशेहून जास्त किलोमीटरच्या अंतरावर दोन ठिपके दिसतात. ड्रॉइंग ‘रिकामं’ दिसतं, झूम जीव घेतो, आणि दोष मशिनीच्या माथी जातो.

स्कॅन आणि पीडीएफ हा दुसरा मोठा प्रदेश. स्कॅनच्या बाबतीत फसवणूक होते ती डिस्कवरच्या आकाराने. ए-शून्य मापाचा मोजणी नकाशा ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करून आणला. जेपीजी असल्यामुळे फाइल लहानशी दिसते. पण चित्र काढायचं तर ते मेमरीत उलगडावं लागतं. ३३ इंच गुणिले जवळपास ४७ इंच, प्रत्येक इंचात ६०० ठिपके. एकूण सुमारे ५६ कोटी ठिपके होतात, आणि प्रत्येकाला तीन बाइट धरले तर १६० कोटींहून अधिक बाइट. एका नकाशाला दीड जीबी! तोच नकाशा २०० डीपीआयवर निव्वळ काळा-पांढरा ठेवला, तर ठिपके सव्वासहा कोटींच्या आत येतात आणि प्रत्येकाला एकच बिट पुरतो, म्हणजे साधारण पाऊण कोटी बाइट. दोहोंत २१६ पट फरक आहे. मोजणी नकाशावर वाचायच्या असतात त्या हद्दीच्या रेषा, गट नंबर आणि मापं. ती २०० डीपीआयवर व्यवस्थित वाचता येतात. कागदाचा पिवळेपणा आणि घडीच्या खुणा जपण्याचं काम ड्राफ्ट्समनचं नाही. स्कॅन करणाऱ्या दुकानदाराला आधीच ‘ब्लॅक अँड व्हाइट टिफ, २०० डीपीआय’ असं सांगितलं, की पुढचे दोन तास वाचतात.

पीडीएफचं वागणं वेगळं. ती खाली नुसती अंथरता येते, किंवा २०१७च्या आवृत्तीपासून आयात करून तिच्या खऱ्या रेषा करता येतात. आयातीची सोय आल्यावर लोकांना फार आनंद झाला, आणि तो साहजिकच होता. पण पीडीएफमध्ये गेलेलं हॅच परत येताना हॅच राहत नाही. त्याच्या हजारो सुट्या रेघोट्या होतात. एसएचएक्स फाँटमधलं प्रत्येक अक्षर लहान लहान तुकड्यांनी येतं. तुटक सेंटरलाइनचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र रेषा म्हणून येतो. विकास आराखड्याच्या एका शीटवर शेती विभाग, हरित पट्टा, आरक्षणं असे कितीतरी हॅच असतात. ते सगळं आयात केलं, की आपल्या प्लॅनपेक्षा त्या शीटच्याच रेषा जास्त होतात. माझा सल्ला असा: आरक्षणाची हद्द आणि रस्त्याची कड एवढंच हवं असेल, तर पीडीएफ खाली अंथरा, त्या दोन रेषा स्वतः काढा, आणि पीडीएफ अनलोड करा. दहा मिनिटांचं काम आहे. अंथरलेली पीडीएफ ठेवायचीच असेल, तर निदान तिच्यावरचा ऑब्जेक्ट स्नॅप बंद ठेवा, नाहीतर क्रॉसहेअर दर वेळी तिच्या हजारो टोकांमध्ये अडकतो.

मोजणी नकाशाची आणि जुन्या सरकारी ड्रॉइंगांची एक अडचण अस्सल मराठी आहे. त्यांच्यातला मजकूर युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. तो फाँट आपल्या मशिनीवर नसला की अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसते. वेगापेक्षा यात अर्थाचा धोका जास्त आहे, कारण गावाचं नाव आणि गट नंबर वाचता आला नाही तर ड्रॉइंग निरुपयोगीच. तो फाँट शोधत बसण्यापेक्षा मूळ कागदावरून मजकूर पुन्हा टाइप करणं बरं.

जोडण्याच्याही दोन तऱ्हा आहेत आणि त्यांच्यातला फरक ऑफिसांत फारच कमी लोक पाळतात. ‘अटॅच’ने जोडलेला एक्सरेफ पुढच्या ड्रॉइंगमध्ये आपली सगळी वरात घेऊन जातो. आर्किटेक्टने आपल्या प्लॅनला सर्व्हे अटॅच केला आहे. तुम्ही सर्व्हे वेगळा जोडला आहेच, वर आर्किटेक्टचा प्लॅनही जोडलात. आता तोच सर्व्हे दोनदा काढला जातो, आणि दोन प्रती बरोबर एकावर एक बसल्यामुळे डोळ्यांना एकच दिसते. ‘ओव्हरले’ने जोडलेला एक्सरेफ पुढे जात नाही. जिथे प्रत्येक कन्सल्टंट दुसऱ्याचं ड्रॉइंग फक्त संदर्भाला घेतो, तिथे ओव्हरले हाच नियम असावा आणि अटॅच हा अपवाद. आपल्याकडे उलट आहे, आणि त्याचं कारण बहुधा इतकंच, की पूर्वीपासून खिडकीत अटॅच आधीच निवडलेलं असायचं.

मोठ्या फाइलचा छोटा तुकडाच लागत असेल, तर चौदाव्या रिलीजपासून, म्हणजे १९९७ पासून, एक उत्तम सोय आहे. एक्सक्लिपने हवा तेवढा भाग कापून दाखवायचा. मूळ फाइल सेव्ह करताना ‘इंडेक्ससीटीएल’ हे चल बदलून तिच्यात लेयरची आणि जागेची सूची करवून घ्यायची. मग मुख्य ड्रॉइंग संपूर्ण फाइल वाचत नाही. क्लिपच्या आतल्या आणि फ्रीझ न केलेल्या वस्तूच उचलतं. दोनशे एकरांच्या टाउनशिपच्या कंटूरमधून एका इमारतीपुरता चौकोन लागणाऱ्याला याने काम करण्याजोगा वेग परत मिळतो. नुसती क्लिप लावून सूची करायची राहिली, तर चित्र कापलेलं दिसतं पण भार तसाच राहतो. एक्सक्लिपचा ‘काही उपयोग होत नाही’ म्हणणाऱ्यांची गोष्ट बहुधा इथेच अडलेली असते.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. फाइल उघडायलाच दोन मिनिटं लागत असतील आणि उघडल्यावर सगळं सुरळीत चालत असेल, तर दोष भूमितीचा नाही, पत्त्यांचा आहे. ड्रॉइंगमध्ये जुन्या सर्व्हरचे, निघून गेलेल्या माणसाच्या डेस्कटॉपचे, कन्सल्टंटच्या ऑफिसातल्या ड्राइव्हचे पत्ते शिल्लक असतात, आणि सॉफ्टवेअर प्रत्येक दारावर थाप देऊन वाट पाहत बसतं. सापडत नसलेला एक्सरेफ, इमेज किंवा फाँट तसाच सोडू नये. लागत असेल तर नवा पत्ता द्यावा, नसेल तर डिटॅच करावा. प्रकल्पाच्या आत रिलेटिव्ह पाथच वापरावा.

आणि हार्डवेअर? त्याला या पुस्तकात एकच छोटं प्रकरण आहे, आणि तेही शेवटी. ऑटोकॅडचं द्विमितीतलं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं. त्यामुळे कोअरची संख्या वाढवण्यापेक्षा प्रत्येक कोअरचा वेग पाहावा, एसएसडी असावी, आणि ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत असावा. रॅम कमी पडत असेल तर ती टास्क मॅनेजरमध्ये दिसते. न पाहता वाढवू नये.

पुस्तकाची मांडणी आजाराच्या लक्षणांवरून केली आहे, मेन्यूच्या क्रमाने नाही. उशिरा उघडणारी फाइल, उशिरा सेव्ह होणारी फाइल, थरथरणारा क्रॉसहेअर, अडखळणारा झूम, प्लॉट देताना बसणारी मशीन, अशी प्रकरणं आहेत. उदाहरणं मुख्यतः ऑटोकॅडची, कारण आपल्याकडच्या बहुतेक ऑफिसांत आणि आयटीआयच्या ड्राफ्ट्समन वर्गांत तेच चालतं. डीडब्ल्यूजी वाचणाऱ्या इतर सॉफ्टवेअरांमध्ये कमांडची नावं थोडी वेगळी असतील, दुखणी तीच. मायक्रोस्टेशन आणि रेव्हिट यांच्यावर एकेक स्वतंत्र प्रकरण आहे. रेव्हिटवाल्यांसाठी इथेच एक सूचना: डीडब्ल्यूजी ‘इम्पोर्ट’ करून ‘एक्सप्लोड’ करण्याची सवय आजच सोडा. तिच्या मागे ‘इम्पोर्ट’ अशी सुरुवात असलेल्या लाइन पॅटर्नची रांग लागते, आणि ती अख्ख्या मॉडेलमध्ये राहते.

ज्यांच्या टेबलावर आत्ताच एखादं ड्रॉइंग अडून बसलं आहे, त्यांनी प्रस्तावना इथेच मिटून एवढं करून पाहावं. ड्रॉइंगची एक नक्कल घ्या. एक्सरेफच्या यादीतले निम्मे अनलोड करा आणि रीजेन द्या. वेग परत आला, तर गुन्हेगार त्या निम्म्यात आहे. नाही आला, तर उरलेल्या निम्म्यात. ज्या गटात तो आहे त्याचे पुन्हा दोन भाग करा. सोळा एक्सरेफ असतील तर चौथ्या फेरीला जड फाइलचं नाव समोर येतं. सगळे अनलोड करूनही ड्रॉइंग जडच राहिलं, तर मात्र दोष तुमच्याच फाइलमध्ये आहे, आणि तुमच्यासाठी वाचायची जागा पाचवं प्रकरण.